घरच्या खाऱ्या टाकीतील प्रवाळांना काय, किती आणि कसे भरवावे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाला आहे ते स्पष्ट राहील. न्यू जर्सीतील तुमच्या घरी ४० गॅलनची, म्हणजे सुमारे १५० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी अकरा महिन्यांपासून चालू आहे. तीत दोन क्लाउनफिश, एक गोबी आणि एक क्लीनर कोळंबी आहे. प्रवाळांपैकी टॉर्च, डंकन, अकॅन, थोडे झोअँथिड आणि एक सन कोरल आहे. दुकानदाराने अमिनो आम्लांची, फायटोप्लँक्टनची (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची) आणि ‘संपूर्ण प्रवाळ आहार’ अशा तीन बाटल्या दिल्या आणि तिन्ही तुम्ही लेबलवरच्या मापाने रोज घालता. आज नायट्रेट ४० पीपीएम (दहा लाख भागांत ४० भाग) आणि फॉस्फेट ०.३ पीपीएम आहे, काच पुसल्यावर दोन दिवसांत पुन्हा हिरवी होते, टॉर्च आखडला आहे आणि सन कोरल दोन महिने मिटलेला आहे. एवढे घालूनही प्रवाळ उपाशी का दिसतात, असे तुम्ही विचारता.

माझ्या मते तुमच्या टाकीत पाणीच जेवते आहे. प्रवाळांच्या तोंडात त्यातले फारच थोडे जाते. प्रवाळांना भरवायचे असेल तर आधी प्रत्येकाचे तोंड केवढे आहे, ते कधी उघडते आणि त्यात घास गेला की नाही, हे डोळ्यांनी पाहावे लागते. बाटलीचे झाकण मोजून पाण्यात ओतल्याने ते काम होत नाही.

मुळाशी थोडे जीवशास्त्र आहे, आणि ते समजले की पुढचा सगळा व्यवहार सोपा होतो. सन कोरल सोडला तर तुमच्याकडील सर्व प्रवाळांच्या ऊतीत झूझँथेली नावाची एकपेशीय शैवाले राहतात. ती प्रकाशसंश्लेषण करून तयार केलेली साखर, ग्लिसरॉल आणि स्निग्ध पदार्थ यजमानाला देतात, आणि उजेड पुरेसा असेल तर प्रवाळाच्या रोजच्या ऊर्जेचा मोठा वाटा त्यातूनच भागतो. परंतु या शिध्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस फार कमी असतात. म्हणजे ताटात भात भरपूर आहे, वरण मात्र जवळजवळ नाही. नवी ऊती, नवी तोंडे आणि सांगाड्याच्या आतील सेंद्रिय जाळी उभी करायला प्रथिने लागतात, आणि ती प्रवाळ पाण्यातले प्राणिप्लवक (पाण्याबरोबर वाहणारे सूक्ष्म प्राणी) पकडून, बारीक कण श्लेष्म्यात गुंडाळून किंवा विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये शोषून मिळवतात.

या दोन बाजूंपैकी खरी कोणती, यावर अभ्यासकांमध्येही बराच काळ वाद होता. १९२८–२९ च्या ग्रेट बॅरियर रीफ मोहिमेत लो आयल्स बेटांवर प्राणिशास्त्रज्ञ मॉरिस याँग यांनी प्रवाळांच्या आहाराचा बारकाईने अभ्यास केला आणि प्रवाळ हे पक्के मांसाहारी प्राणी आहेत, असे मत मांडले. पुढे किरणोत्सारी कार्बन वापरून केलेल्या प्रयोगांत शैवालांनी बांधलेला कार्बन यजमानाच्या ऊतीत जातो हे दिसले, आणि मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. आमच्या छंदातही तसेच झाले. मी सुरुवात केली तेव्हा अनुभवी मंडळी ‘प्रवाळांना फक्त उजेड द्या, खायला घालू नका’ असे बजावत असत. आज प्रत्येक दुकानात भिंतभर बाटल्या आहेत. दोन्ही बाजूंना अर्धे सत्य आहे. मोनॅकोतील प्रयोगशाळेत स्टायलोफोरा जातीच्या प्रवाळांवर झालेल्या प्रयोगांत, उजेडाबरोबर प्राणिप्लवक मिळालेल्या फांद्यांची ऊती आणि सांगाडा दोन्ही अधिक वेगाने वाढले. हवाईमधील मॉन्टिपोरा कॅपिटाटा तर शैवाल गमावून पांढरी पडल्यावर खाण्याचे प्रमाण इतके वाढवते की रोजची पूर्ण ऊर्जा केवळ अन्नातून मिळवू शकते. शेजारच्या इतर जातींना मात्र हे साधत नाही. त्यामुळे ‘प्रवाळांना अमुक इतके घाला’ असे एकच माप कोणी सांगू लागले की मी सावध होतो.

आता तुमच्या टाकीकडे येतो. सगळ्यात सोपा डंकन. त्याची तोंडे मोठी आणि भूक उघड असते. वितळवलेल्या मायसिसचा (कोळंबीसारखा दिसणारा बारीक प्राणी, तो गोठवलेला मिळतो) एक तुकडा स्पर्शकांवर सोडला की काही सेकंदांत ते आत वळतात आणि मधली चकती वर येऊन घास घेते. आठवड्यातून दोनदा प्रत्येक तोंडाला एक किंवा दोन मायसिस पुरेसे आहेत. अकॅनचे खरे खाण्याचे स्पर्शक बहुधा दिवे मावळल्यानंतर बाहेर येतात. दिवसा जे फुगलेले, मांसल, रंगीत दिसते ते निव्वळ अंग असते. म्हणून त्याला दिवे बंद झाल्यावर अर्ध्या तासाने, टॉर्चच्या मंद उजेडात द्यावे. (इथे टॉर्च म्हणजे हातातली विजेरी, प्रवाळाचे आणि हिचे नाव एकच असल्याने मी स्वतः दोनदा गोंधळलो आहे.) झोअँथिडांना मोठा घास देऊन उपयोग नाही, माशांना घातलेल्या अन्नाचा जो बारीक चुरा त्यांच्यापर्यंत पोहोचतो तेवढ्यावर ते व्यवस्थित पसरतात, आणि तुमचे पसरत आहेतच.

टॉर्च प्रवाळाच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. पुरेसा उजेड आणि मध्यम, सतत दिशा बदलणारा प्रवाह असेल तर त्याला भरवले नाही तरी चालते. हौसच असेल तर आठवड्यातून एकदा प्रत्येक डोक्याला दोन-तीन लहान मायसिस द्यावेत. मोठा घास त्याच्या घडीत अडकून सडला तर ऊतीला इजा होते, आणि इजा झालेल्या जागी तपकिरी, जेलीसारखा स्राव दिसू लागला की ते डोके एका रात्रीतसुद्धा हातचे जाते. तसे दिसल्यास ते डोके लगेच बाजूला काढावे. तुमचा टॉर्च आखडला आहे तो भुकेने नव्हे, असे मला वाटते. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात त्याचा रंग गडद तपकिरी दिसतो आणि सांगाड्याची कड उघडी पडलेली नाही. पाण्यात पोषकद्रव्ये वाढली की झूझँथेलींची संख्या वाढते आणि प्रवाळ असाच काळपट दिसू लागतो. आधी पाणी सुधारा, आणि तोवर त्याला काहीही भरवू नका.

घासाच्या आकाराबद्दलची माझी स्वतःची फजिती इथे सांगण्याजोगी आहे. पहिल्या वर्षी माझ्याकडे ट्रॅकिफिलिया नावाचा एक प्रवाळ होता, तळहाताएवढा, लाल आणि हिरवा. त्याने मायसिस आवडीने घेतले म्हणून एका संध्याकाळी मी त्याला बाजारातल्या कोळंबीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा दिला. त्याने तोही घेतला; तोंड हळूहळू ताणले गेले, तुकडा दिसेनासा झाला, आणि मी घरच्यांना बोलावून तो चमत्कार दाखवला. सकाळी तो तुकडा वाळूवर पडलेला होता, बाहेरून पांढुरका आणि मऊ, आतून तसाच कच्चा, आणि त्याभोवती श्लेष्म्याच्या तारा. प्रवाळाला आत जायला आणि बाहेर यायला एकच वाट असते. जे पचत नाही ते त्याच तोंडाने परत येते, आणि ते ओढण्यात आणि टाकण्यात त्याची जी शक्ती खर्च होते ती त्या घासातून भरून निघत नाही. दोन आठवडे तो नीट फुगला नाही. तेव्हापासून तोंडाच्या मिटलेल्या फटीपेक्षा मोठा तुकडा मी कोणालाही देत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूवर काय पडले आहे ते पाहिल्याशिवाय चहा घेत नाही.

सन कोरलचे प्रकरण वेगळे आहे आणि त्यावर जरा थांबले पाहिजे, कारण तुमच्या टाकीत खरोखर उपाशी असलेला तोच एक आहे. ट्युबास्ट्रिया वंशातील या प्रवाळात झूझँथेली नसतात. निसर्गात तो कपारींच्या छताखाली, सावलीत, जोरदार प्रवाहात राहतो आणि वाहून येणाऱ्या प्लवकांवर जगतो. तुमचा दिवा कितीही महाग असला तरी त्याला त्यातून एक कणही मिळत नाही, आणि फायटोप्लँक्टनची बाटली ही तर त्याच्यासाठी जवळजवळ पाण्यासारखीच, कारण त्याला प्राणी पकडून खायचे असतात. प्रत्येक तोंड हा स्वतंत्र पाहुणा आहे, असे समजावे. वरच्या बाजूची दहा तोंडे भरवली आणि खालची पाच विसरली, तर ती पाच हळूहळू खंगतात. दोन तोंडांमधली नारिंगी ऊती पातळ होऊन मधूनमधून पांढरा सांगाडा डोकावू लागणे ही उपासमारीची पहिली खूण. तुमच्या तिसऱ्या छायाचित्रात डावीकडे ती दिसते आहे.

मिटलेल्या सन कोरलला उघडायला शिकवता येते, मात्र चिकाटी लागते. रोज ठरावीक वेळी, शक्यतो दिवे मंद झाल्यावर, तो दगडासह हलक्या हाताने उचलून टाकीतल्याच पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवावा. हवेत धरू नये, डबा टाकीतच बुडवून त्यात सरकवावा. मायसिस वितळवताना जे गढूळ पाणी सुटते त्याचे पाच-सात थेंब डब्यात सोडावेत, वर कापड टाकून अंधार करावा आणि वीस मिनिटे हात लावू नये. प्राण्याच्या रसातील प्रोलिनसारखी अमिनो आम्ले आणि ग्लुटाथायोन ही प्रवाळांना जेवणाची वर्दी देतात. प्रवाळांचा गोड्या पाण्यातला नातेवाईक हायड्रा याच्यावर ग्लुटाथायोनचा असा परिणाम होतो हे १९५५ सालीच दाखवले गेले होते. पहिले तीन-चार दिवस बहुधा काहीच होणार नाही. मग एखाद्या दिवशी कापड उचलल्यावर मिटलेल्या गाठींच्या टोकांवर पिवळसर, पारदर्शक केसांसारखे काहीतरी दिसेल. त्या वेळी घाई करू नका. स्पर्शक अर्धे बाहेर आल्यावर एक बारीक तुकडा, आर्टेमियाएवढा (माशांना घालतात त्या अगदी लहान कोळंबीसारख्या प्राण्याएवढा), ड्रॉपरने वरून न दाबता अलगद सोडा. एका तोंडाने घेतले की शेजारची तोंडे बहुधा त्याच संध्याकाळी जागी होतात. आठवडा-दोन आठवड्यांत तो तुमची वेळ ओळखून टाकीतच उघडू लागेल, आणि मग आठवड्यातून तीनदा प्रत्येक तोंडाला एक-दोन मायसिस हा क्रम कायम ठेवायचा. डब्यातले उरलेले गढूळ पाणी टाकीत परत ओतू नका, बेसिनमध्ये ओता. या एका सवयीने टाकीतला बराच कचरा वाचतो.

टाकीत भरवताना दोन अडचणी येतात. पहिली प्रवाहाची: लाटा करणारे पंप दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवावेत, आणि ते पुन्हा सुरू करायची आठवण म्हणून फोनमध्ये गजर लावावा. पंप रात्रभर बंद राहून ऑक्सिजनअभावी टाकी बसलेली मी पाहिली आहे. दुसरी अडचण तुमच्या क्लीनर कोळंबीची. ती दिसायला जितकी सालस तितकीच चोरटी असते. प्रवाळाने आत घेतलेला घास ती पाय घालून बाहेर ओढते आणि त्या झटापटीत ऊती फाटते. यावर उपाय फुकटचा आहे: सोड्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून घ्यावा, कड घासून गुळगुळीत करावी आणि तो घुमटासारखा प्रवाळावर ठेवावा. बुचाच्या भोकातून ड्रॉपर आत जातो, कोळंबी बाहेर फेऱ्या मारत राहते. अर्ध्या तासाने घुमट काढून घ्यावा. त्याआधी दुसऱ्या कोपऱ्यात तिलाही थोडे घातले तर सगळ्यांचेच शांततेत जेवण होते.

बाटल्यांविषयी माझे मत विचारले आहे, ते स्पष्ट सांगतो. प्रवाळ विरघळलेली अमिनो आम्ले शोषू शकतात हे खरे आहे. पण १५० लिटरच्या टाकीत माशांना रोज दोनदा घातले जात असताना त्या बाटलीची वेगळी गरज मला दिसलेली नाही. फायटोप्लँक्टन शिंपले, स्पंज, टाकीतले कोपेपॉड (सूक्ष्म कवचधारी प्राणी) आणि डेंड्रोनेफ्थियासारखी काही मृदू प्रवाळे खातात. तुमच्याकडच्या कठीण प्रवाळांना त्याचा थेट उपयोग फारसा नाही. ‘संपूर्ण आहार’ ही बाटली म्हणजे अतिबारीक दळलेले अन्न. त्याचा बहुतेक भाग स्किमर (पाण्यात फेस करून घाण वेगळी काढणारे यंत्र) आणि जिवाणू खातात. तिन्ही बाटल्या आजपासून बंद करा. दुकानदाराने फसवले असे मी म्हणत नाही, कारण लेबलवरचे माप प्रवाळांनी गच्च भरलेल्या आणि मोठा स्किमर असलेल्या टाकीला चालूनही जाईल. तुमच्या टाकीत मात्र पाच प्रवाळ आहेत.

त्यापेक्षा माशांना नीट खाऊ घाला. कॅरिबियनमधील सेंट क्रॉय बेटाजवळ ग्रंट जातीची माशांची पिल्ले दिवसा ज्या पोराइट्स प्रवाळांवर थव्याने विसावत, ते प्रवाळ मासे नसलेल्यांपेक्षा वेगाने वाढतात, हे १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत दिसले. मासे रात्री दूरच्या समुद्री गवतात चरून येत आणि दिवसभर वर थांबून अमोनिया आणि विष्ठा खाली सोडत. घरच्या टाकीतही हेच घडते. पोट भरलेले तीन मासे हे चोवीस तास थेंब-थेंब देणारे यंत्र आहे, आणि ते कोणत्याही बाटलीपेक्षा समंजसपणे देते.

प्रमाण कळावे म्हणून एक ढोबळ हिशेब देतो. कोळंबीवर्गीय प्राण्याच्या कच्च्या मांसात फॉस्फरस साधारण ०.२ टक्के असतो. ३ ग्रॅम मांसात तो ६ मिलिग्रॅम झाला, आणि फॉस्फेटच्या रूपात मोजला तर सुमारे १८ मिलिग्रॅम. दगड आणि वाळू वजा जाता तुमच्या टाकीत १३० लिटर पाणी धरले, तर एवढ्या एका तुकड्यातला सगळा फॉस्फरस पाण्यात उतरल्यास फॉस्फेट ०.१४ पीपीएमने वाढेल. अर्थात सगळा उतरत नाही. मासे आणि प्रवाळ त्यातला काही अंगी लावतात, शेवाळ काही घेते, स्किमर काही काढतो. तरीही आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. गोठवलेले अन्न धुतल्याने फॉस्फेटचा प्रश्न सुटतो, असा एक समज आहे; फॉस्फरसचा मुख्य साठा मांसातच असल्यामुळे धुण्याने फार थोडा फरक पडतो. मी धुतो ते चुरा जावा म्हणून, आणि ते पहिले गढूळ पाणी वर सांगितल्याप्रमाणे वाटीत राखून ठेवतो.

आता दुरुस्तीचा क्रम. बाटल्या बंद केल्यावर दर आठवड्याला १५ टक्के पाणी बदला, आणि फॉस्फेट ०.३ वरून ०.१ पर्यंत यायला सहा-आठ आठवडे लागले तरी लागू द्या. फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे दुकानात मिळतात. वापरायचेच असतील तर लेबलवरच्या मापाच्या चौथ्या हिश्शाने सुरू करा, कारण फॉस्फेट एकाएकी खाली पडले की वाढलेल्या फॉस्फेटने मारली नसती अशी प्रवाळेही सोलून निघतात. शून्याचे ध्येय ठेवू नका. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आली की डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांची तपकिरी, बुडबुडेवाली साय वाळूवर पसरण्याचा धोका वाढतो, आणि ती काढणे शेवाळापेक्षा कितीतरी जिकिरीचे असते. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम एवढ्यावर तुमची टाकी सुखाने राहील.

भरवणे अंगी लागते आहे की नाही, हे अल्कलिनिटीवरून (ज्यातून प्रवाळ सांगाडा बांधतात त्या पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या मापावरून) कळते. दर दोन दिवसांनी एकाच वेळी मोजून वहीत लिहा. ऊती सुधारली की सांगाडा बांधण्याचा वेग वाढतो आणि अल्कलिनिटी आधीपेक्षा लवकर उतरू लागते; ती ८ ते ९ डीकेएचमध्ये (हे तिचे एकक) स्थिर ठेवण्यासाठी ती वाढवणाऱ्या द्रावणाची मात्रा तेवढी वाढवावी लागेल. डंकनच्या बुडाशी मुगाएवढी नवी तोंडे फुटणे ही दुसरी खूण.

तुमच्या नाशिकच्या भावाला अशीच टाकी करायची आहे, असे लिहिले आहे, म्हणून एक गोष्ट सांगणे भाग आहे. भारतात कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मालवणच्या किंवा कुठल्याही किनाऱ्यावरून प्रवाळ काढणे, विकत घेणे किंवा बाळगणे हा गंभीर गुन्हा ठरतो, दुकानदार काहीही म्हणो. त्यांनी क्लाउनफिश आणि जिवंत जिवाणूंनी भरलेला साधा दगड यांची माशांची टाकी करावी; तीही कमी देखणी नसते.

शेवटी तुमच्या दिवाळीच्या तीन आठवड्यांच्या सुट्टीबद्दल. मासे स्वयंचलित डब्यातून रोज थोडे दाणे खातील. डंकन, अकॅन, टॉर्च आणि झोअँथिड उजेडावर आणि माशांच्या उष्ट्यावर हे दिवस सहज काढतील. सन कोरलला मात्र तीन आठवडे कोणी भरवले नाही तर इतक्या दिवसांची तुमची मेहनत वाया जाईल. तो एखाद्या जाणकार मित्राच्या टाकीत डब्यासकट ठेवून या, आणि ते जमणारच नसेल तर तो कायमचा त्यालाच देऊन टाका. निघण्याच्या आदल्या रात्री ‘पुढची बेगमी’ म्हणून कोणालाही जास्तीचे घालू नका. त्या दिवशी नेहमीपेक्षा निम्मेच घाला, स्किमरचा पेला रिकामा करून धुवा, आणि डब्यातून एका वेळी किती दाणे पडतात ते आठवडाभर आधीच मोजून पाहा.